निजेला धोंडा: झोप लवकर लागत नसेल तर कुठून सुरुवात करायची

भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा, असं आपल्याकडे म्हणतात. भूक खरी असली की कोंडाही गोड लागतो आणि नीज खरी असली की धोंड्यावरही डोळा लागतो. झोपेसाठी जायफळ, अश्वगंधा, काशाची वाटी असं काही शोधत निघालेल्या माणसाने आधी ही म्हण दोनदा वाचावी. उशी मऊ करा, असं तिच्यात कुठेही सांगितलेलं नाही.

मी एका दैनिकात एकोणीस वर्षं रात्रपाळीचा उपसंपादक होतो. डाक आवृत्ती सुटली की चहा, शहर आवृत्तीची पानं सोडली की परत चहा, आणि घरी येऊन आडवं व्हायला पहाटेचे तीन. मग दिवसपाळी मिळाली. सगळ्यांनी अभिनंदन केलं आणि त्याच आठवड्यापासून मी साडेदहाला दिवा मालवून एक वाजेपर्यंत पंख्याकडे बघत पडू लागलो. सल्ल्यांना तोटा नव्हता. वर्षभरात तीन चूर्णं, दोन तेलं आणि एक महागडी उशी घेऊन झाली. उपयोग झाला तो शेवटी, आणि अगदी फुकटातल्या गोष्टींचा. म्हणजे मी सगळं उलट्या क्रमाने केलं. तुम्ही निदान सरळ क्रमाने करा.

आधी दुखणं ओळखा

‘झोप येत नाही’ या तीन शब्दांत वेगवेगळी दुखणी लपलेली असतात. कुणाला पडल्यावर लवकर लागत नाही. कुणाला लागते, पण दोन-तीनला जाग येते आणि मग उजाडतं. कुणी रात्रभर झोपतो आणि तरी सकाळी अंग मोडून आलेलं असतं. हा तिसरा माणूस घोरत असेल आणि घोरता घोरता त्याचा श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील, तर त्याने हा लेख इथेच सोडून डॉक्टर गाठावा. तिथे कुठलाच काढा चालत नाही.

हा लेख पहिल्या प्रकारच्या लोकांसाठी आहे. दिवा मालवल्यावर झोप लागायला पंधरा-वीस मिनिटं लागणं हे अगदी ठीक आहे, उशीला डोकं टेकताक्षणी लागलीच पाहिजे असं नाही. अर्ध्या तासाच्या वर, आठवड्यातल्या तीन किंवा जास्त रात्री, असं तीन महिने चाललं की डॉक्टर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात. मुलीचं लग्न तोंडावर आलंय किंवा घरात कुणी गेलंय म्हणून चार रात्री डोळा लागला नाही, तर ते दुखणं नाही. त्याच्यावर औषध शोधू नका.

चौदा दिवसांची वही

पहिलं काम म्हणजे एक वही आणि पेन. ॲप नको, कारण ॲप बघायला फोन हातात घ्यावा लागतो आणि मग काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. वही रात्री लिहायची नाही, सकाळी चहाबरोबर लिहायची, अंदाजाने. रात्री घड्याळ बघायचं नाही. भिंतीवरचं दिसत असेल तर ते उतरवून ठेवा.

माझ्या वहीतला एक मंगळवार असा आहे: ‘दिवा १०.३०. झोप एकच्या सुमारास. उठलो ६. चहा पाच, शेवटचा ७.१५ ला. दुपारी सोफ्यावर ४० मिनिटं.’

एवढंच. पण अशा चौदा ओळी एकाखाली एक आल्या की दुखणं आपोआप बोलायला लागतं. मला वाटत होतं, माझ्या डोक्यात विचार फार येतात. वही म्हणत होती, हा माणूस दिवसाला पाच चहा पितो, दुपारी झोपतो, रविवारी नऊला उठतो आणि रविवारी रात्री त्याला सगळ्यात उशिरा झोप लागते. विचार येत होते हे खरंच, पण अडीच तास नुसतं पडून राहिल्यावर कुणालाही येतील.

उठायची वेळ धरा, झोपायची सोडा

सगळे झोपायची वेळ ठरवायला जातात. ती आपल्या हातात नसते. गजर लावून उठता येतं, गजर लावून झोपता येत नाही. म्हणून उठायची एकच वेळ ठरवा आणि रात्र कशीही गेली तरी त्या वेळेला उठा. रविवारी आणि दिवाळीच्या सुट्टीतही.

यामागचं कारण सोपं आहे. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो. तो जितका साठेल तितकी नीज दाटते, आणि झोपलं की तो उतरतो. सकाळी सहाला उठलेल्या माणसाची रात्री अकरापर्यंत सतरा तासांची नीज साठलेली असते. नऊला उठून दुपारी तासभर ताणून दिली, तर त्याच अकरा वाजता ती बरीच कमी भरते. दुसरीकडे शरीराचं घड्याळ असतं. ते उजेडावर चालतं आणि सकाळचा उजेड मिळाला की पुढे सरकतं, म्हणजे रात्रीची झोपही अलीकडे येते. त्यामुळे उठल्यावर तासाभरात घराबाहेर पडा, वीस-तीस मिनिटं. खिडकीतून येणाऱ्या उजेडापेक्षा बाहेरचा उजेड, ढगाळ असला तरी, कितीतरी जास्त असतो. दूध आणायला चालत जा, गच्चीत झाडांना पाणी घाला, काहीही चालेल. रात्रपाळीची माझी एकोणीस वर्षं उतरली ती याच उपायाने, आणि तरी दोन महिने लागले.

वामकुक्षी सोडायला कुणी सांगत नाही (पुण्यात तर सांगून बघाच). पण वामकुक्षी म्हणजे डाव्या कुशीवर थोडं लवंडणं. वीस मिनिटं, तीनच्या आत, गजर लावून. पांघरूण घेतलं की ती वामकुक्षी राहत नाही.

चहाचा हिशेब

चहातलं कॅफीन नेमकं ॲडेनोसिनच्याच जागा अडवून बसतं. नीज साठलेली असते, पण ती जाणवत नाही. प्यायलेल्या कॅफीनपैकी निम्मं शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. सहाच्या चहातलं निम्मं कॅफीन अकरालाही रक्तात असतं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या आहार मार्गदर्शनात १५० मिलीलीटर चहात ३० ते ६५ मिलीग्रॅम आणि तेवढ्याच फिल्टर कॉफीत ८० ते १२० मिलीग्रॅम कॅफीन धरलं आहे. आपल्या टपरीवरचा कटिंग लहान असतो, पण उकळून उकळून कडक केलेला असतो.

मी दोनच्या पुढे चहा बंद केला. पहिले चार दिवस दुपारी डोकं दुखलं, ते अपेक्षित आहे. एकदम सोडू नका, दर दोन-तीन दिवसांनी एक कप कमी करा. कुणाकडे गेल्यावर ‘अर्धा कप तरी घ्या’ हा हट्ट होतोच, त्यावर माझ्याकडे उपाय नाही. मी कोकम सरबत मागतो.

रात्रीचं जेवण झोपण्याच्या दोन-तीन तास आधी, मग शतपावली, मग घरातले मोठे दिवे बंद. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. हे सगळं तुम्ही शंभरदा वाचलंय, मी लांबवत नाही. दारूबद्दल एवढंच: तिने झोप लवकर लागते हे खरं, पण उत्तररात्री ती उतरली की झोप तुटते, आणि मग माणूस पहिल्या प्रकारातून दुसऱ्या प्रकारात जातो.

काशाची वाटी

आता ज्यासाठी बहुतेक जण आले असतील ते. घरगुती उपायांत माझा सगळ्यात जास्त विश्वास कशावर असेल तर तळपाय घासण्यावर. आमची आत्या रोज रात्री आजोबांचे पाय काशाच्या वाटीने घासायची आणि दुसरा पाय हातात घेईपर्यंत आजोबा घोरायला लागलेले असायचे. तेव्हा आम्हाला ते वाटीचं कौतुक वाटायचं.

खरी गोष्ट पायांच्या उष्णतेची आहे. झोप लागण्याआधी शरीराच्या आतलं तापमान थोडं उतरावं लागतं आणि ती उष्णता बाहेर पडते मुख्यतः हातापायांतून. तळवे गरम झाले की तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आतली उष्णता निघायला वाट मिळते. १९९९ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथल्या संशोधकांनी हे मोजून दाखवलं होतं: ज्यांचे हातपाय धडाच्या मानाने जास्त उबदार, त्यांना झोप लवकर लागते. थंडीत गार पाय घेऊन पडणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

कृती अशी. झोपण्याच्या तास-दीड तास आधी बादलीत घोट्यापर्यंत पाय बुडतील इतकं गरम पाणी घ्या. कोपर बुडवून बघा, सुखावह वाटलं पाहिजे, चटका बसता कामा नये. दहा मिनिटं पाय सोडून बसा. नीट पुसा, बोटांच्या बेचक्यांतूनही. मग पलंगाच्या कडेला बसून एक पाय दुसऱ्या मांडीवर घ्या आणि तळव्याला अर्धा छोटा चमचा साजूक तूप लावा. उन्हाळ्यात खोबरेल आणि थंडीत तिळाचं तेलही चालतं. वाटीचं तोंड हाताच्या पंजात आणि बूड तळव्याला, अशी ती धरा. टाचेपासून सुरुवात करून गोल गोल घासत चवड्याकडे या, मधल्या खोलगट भागात थोडा जास्त वेळ द्या. जोर टाचेवर जास्त, मध्ये कमी. एका पायाला पाच ते सात मिनिटं. वाटी तळव्यावर अडखळायला लागली की तूप जिरलं असं समजा आणि आणखी थेंबभर घ्या. शेवटी जुन्या पंचाने पाय कोरडे करा आणि जुने मोजे घाला. हे विसरू नका. तुपकट पायांनी मोरीत जाणं म्हणजे झोपेच्या उपायातून माकडहाड मोडून घेणं.

घासताना तळवा काळा-करडा होतो. ‘बघा, अंगातली उष्णता बाहेर पडली!’ असं म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. कासं म्हणजे तांबं आणि कथील यांचा मिश्रधातू. घर्षणाने त्याचा बारीक अंश तुपात उतरतो आणि ते काळं दिसतं. काळं जास्त आलं म्हणजे गुण जास्त आला असं काही नाही. वाटी नसेल तर हाताच्या अंगठ्यानेही काम होतं. भांड्यांच्या दुकानात वाटी मागितलीत तर ‘पाय घासायची काशाची’ असंच सांगा, नाहीतर पितळेची हातात पडेल.

मधुमेह असणाऱ्यांनी मात्र इथे थांबावं. पायाची संवेदना कमी झाली असेल तर गरम पाण्याचा चटका आणि वाटीचं खरचटणं कळत नाही, आणि तीच जखम पुढे चिघळते. त्यांनी गरम पाणी टाळावं, तळवे डोळ्यांनी तपासावेत, आणि जखम नसेल तर हलक्या हाताने तेल लावून घ्यावं. तेल बोटांच्या बेचक्यांत मुरू देऊ नये.

दूध, जायफळ आणि खसखस

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, एकविसाव्या अध्यायात, झोप गेलेल्या माणसासाठी एक यादी आहे: अभ्यंग, स्नान, दूध, दहीभात, अंग चेपून घेणं, मनाला सुख देणारे शब्द, चांगलं अंथरूण. मद्यही आहे, आणि लोकांना नेमकं तेवढंच पाठ असतं. पुढे सत्ताविसाव्या अध्यायात निद्रानाशाला म्हशीचं दूध हितकर म्हटलं आहे. आजच्या भाषेत सांगायचं तर पेलाभर दुधात झोप आणण्याइतकं औषधी असं फारसं काही नसतं. पण रोज त्याच वेळी, त्याच पेल्यातून, बसून प्यायलेलं कोमट दूध ही मेंदूला दिलेली खूण असते. खुणेचं मोल कमी लेखू नका.

जायफळ घ्यायचं तर सहाणेवर दुधात दोन वेढे उगाळून, तेवढंच. पूड चमच्याने टाकू नका. एक अख्खं जायफळ साधारण पाच ग्रॅमच्या आसपास भरतं आणि तेवढं पोटात गेलं तर मळमळ, धडधड, भ्रम असं सगळं होऊ शकतं, तेही काही तासांनी, म्हणजे ‘अजून काही झालं नाही’ म्हणून माणूस आणखी घेतो. तान्ह्या बाळाच्या गुटीत जास्तीचे वेढे देऊन त्याला झोपवणं तर मुळीच नको. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय बाळाला काही लागत नाही. पुरणपोळीनंतर जी गुंगी येते तिचं श्रेय जायफळाला देतात. चार पोळ्या आणि वाटीभर तूप यांचा हिशेब मात्र कुणी धरत नाही.

खसखशीची खीर चवीला उत्तम, घरी खुशाल करा. पण दुबईला मुलाकडे निघालेल्या आई-वडिलांनी खसखस बॅगेत भरू नये. संयुक्त अरब अमिरातीत ती नेणं गुन्हा आहे आणि सिंगापूरमध्येही बंदी आहे.

अंथरुणात जागं राहायचं नाही

हा भाग सगळ्यात रुक्ष आणि सगळ्यात गुणकारी. झोप येत नसताना अंथरुणात पडून राहिलं की शरीर एक चुकीचा धडा शिकतं: अंथरूण म्हणजे जागण्याची जागा. म्हणूनच सोफ्यावर बातम्या बघताना डुलकी येते आणि पलंगावर गेलं की टक्क जाग येते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ साली यावर साधा उपाय मांडला. वीसएक मिनिटं झाली असं वाटलं, की उठा. घड्याळ बघून नाही, अंदाजाने. दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बसा आणि काहीतरी कंटाळवाणं करा. मी जुन्या पासबुकांच्या नोंदी तपासत बसायचो. कपड्यांच्या घड्या, लसूण सोलणं, तांदूळ निवडणं, सगळं चालेल. डोळे जड झाले की परत पलंगावर. नाही लागली तर पुन्हा उठा. पहिल्या रात्री मी पाच वेळा उठलो आणि बायकोने उशी घेऊन हॉल गाठला.

याच्या जोडीला वहीतला आकडा वापरायचा. मी साडेदहा ते सहा, म्हणजे साडेसात तास पलंगावर आणि झोप पाचच तास. मग साडेसात तास पडायचं कशाला? मी साडेबाराला झोपायला आणि सहाला उठायला लागलो: साडेपाच तास. पहिला आठवडा जड गेला, दुपारी डोळे चुरचुरायचे. पण नवव्या-दहाव्या दिवशी दिवा मालवल्याचं आठवत होतं, त्यापुढचं काही नाही. पलंगावरच्या वेळातली ८५ टक्के झोपेत जायला लागली की पंधरा मिनिटं वाढवायची, म्हणजे सव्वाबारा. आठवडाभराने पुन्हा वही बघायची. साडेपाच तासांच्या खाली जाऊ नका. ज्यांना फिट्स येतात, ज्यांना द्विध्रुवीय (बायपोलर) विकार आहे, ज्यांना दिवसभर गाडी किंवा यंत्र चालवायचं आहे, त्यांनी हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

या सगळ्याची शिस्तशीर आवृत्ती म्हणजे निद्रानाशासाठीची वर्तनोपचार पद्धत. अमेरिकेतल्या फिजिशियन मंडळींच्या संस्थेने २०१६ साली जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून गोळ्यांच्या आधी तिचीच शिफारस केली.

चूर्णांच्या दुकानात

एवढं सगळं महिनाभर करूनही चूर्ण घ्यावंसं वाटत असेल तर डोळे उघडे ठेवून घ्या. अश्वगंधेच्या शास्त्रीय नावात ‘सोम्निफेरा’ म्हणजे निद्रा आणणारी असा शब्द आहे, आणि लहान चाचण्यांत तिचा थोडा गुण दिसलाही आहे. पण गरोदरपणात ती नको. थायरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर विचारून. यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत, लघवी गर्द पिवळी झाली किंवा डोळे पिवळे दिसले तर लगेच थांबवा. तगराच्या जातीतल्या व्हॅलेरियनची अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांनी २०१७ मध्ये शिफारस केली नाही, गुणाचा पुरावा अपुरा म्हणून. जटामांसी हिमालयात उंचावर होते आणि ओरबाडून ओरबाडून दुर्मीळ झाली आहे, त्यामुळे स्वस्तात मिळालेली पूड जटामांसीचीच असेल याची खात्री कोण देणार?

‘नैसर्गिक आहे, अपाय नाही’ हे वाक्य ऐकलं की मला सर्पगंधा आठवते. तिची मुळी वेडावर आणि झोपेसाठी पिढ्यान् पिढ्या देत आले. मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ साली उच्च रक्तदाबावरच्या तिच्या गुणाचा निबंध छापला आणि ती जगभर पोचली. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन हे औषधी द्रव्य वेगळं काढलं गेलं. ते रक्तदाब उतरवतं, आणि काहींना खोल उदासीही आणतं. सर्पगंधा असलेली गोळी कुणी झोपेसाठी हातात ठेवली तर वैद्याने नाडी आणि रक्तदाब बघितल्याशिवाय घेऊ नका. आधीच रक्तदाबाच्या किंवा मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू असतील तर मुळीच नको.

डॉक्टरांकडे कधी

दीड-दोन महिने नेमाने करूनही फरक नसेल तर जा. पडल्यावर पायात वळवळ सुटते, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही, असं असेल तर लगेच जा. अनेकदा त्यामागे लोह कमी असणं निघतं, बायकांमध्ये जास्त, आणि एका रक्ततपासणीत ते कळतं. काशाच्या वाटीने तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि मूळ कारण तसंच राहतं. पाळी जाण्याच्या वयातली घामाघूम रात्र, थायरॉइड, दम्याची किंवा स्टेरॉइडची औषधं, संध्याकाळी घेतलेली लघवीची गोळी, हे सगळं विचारून घ्या. कधी नुसती गोळीची वेळ सकाळी आणली तरी भागतं. झोपेबरोबर जेवणावरची वासना गेली असेल, कशातच मन लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर वाट बघू नका. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते आणि मराठीत बोलता येतं.

जाताना वही बरोबर न्या. डॉक्टर ‘किती दिवसांपासून?’ विचारतील तेव्हा ‘बरेच दिवस’ असं सांगण्याऐवजी ती उघडून समोर ठेवा, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, चूर्णांच्या डब्यांसकट, पिशवीत घाला.